दीर्घोत्तरी परीक्षेच्या तयारीबद्दल सल्ला हवा आहे

प्रश्न
मी इतिहास विषयाची पदवीची विद्यार्थिनी आहे. प्रत्येक प्रश्नपत्रिका ३ तासांची व १०० गुणांची असून तीत २० गुणांचे ५ दीर्घोत्तरी प्रश्न असतात. वाचन नियमित होते, टिपणेही काढलेली असतात. तरी पहिल्या दोन उत्तरांतच निम्म्याहून अधिक वेळ जातो आणि शेवटचे उत्तर अर्धवट राहते. शिवाय ‘माहिती भरपूर, मुद्दा अस्पष्ट’ असा शेरा वारंवार मिळतो, त्याचे फार वाईट वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
वेळेचा हिशेब घरूनच करून जावा. १८० मिनिटांतून सुरुवातीच्या वाचनासाठी १० आणि अखेरच्या तपासणीसाठी १० मिनिटे वगळली, तर प्रत्येक प्रश्नाला ३२ मिनिटे येतात. ती संपली की हातातले वाक्य पूर्ण करून, खाली थोडी जागा सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळावे. आधीच चांगल्या झालेल्या उत्तरात पानभर भर घालून एखादा गुण वाढेल. न लिहिलेल्या उत्तराला मात्र काहीच मिळत नाही.

दुसरे उत्तर
मला तुमच्या शेऱ्याची चिंता अधिक वाटते, कारण वेळही बहुधा तिथेच जातो. ‘औद्योगिक क्रांती प्रथम ब्रिटनमध्येच का झाली?’ असा प्रश्न आला की पुष्कळ विद्यार्थी १७१२चे न्यूकॉमेनचे वाफेचे इंजिन, १७६९चे वॉटचे पेटंट, सूतकताईची यंत्रे असा क्रमाने इतिहास सांगत जातात. तो सगळा बरोबर असतो, पण ‘ब्रिटनमध्येच का’ याचे उत्तर त्यात येत नाही. त्याऐवजी ‘तेथे कोळसा स्वस्त आणि मजुरी महाग असल्यामुळे माणसाऐवजी यंत्र लावणे परवडत होते’ असे विधान पहिल्याच परिच्छेदात करावे. मग न्यूकॉमेनचे इंजिन प्रचंड कोळसा खात असे आणि म्हणूनच ते मुख्यतः कोळशाच्या खाणींवर परवडले, हा तपशील त्या विधानाचा पुरावा ठरतो. जो तपशील विधानाला बळकटी देत नाही किंवा त्याला आव्हानही देत नाही, तो कितीही आवडता असला तरी सोडून द्यावा. ‘चिकित्सा करा’ असे विचारले असेल, तर विरुद्ध बाजूचा निदान एक भक्कम मुद्दा घेऊन तो आपल्याला का पटतो किंवा पटत नाही, हेही लिहावे.

तिसरे उत्तर
टिपणे पुनःपुन्हा वाचण्यावर माझा विश्वास नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना अधिक आठवले. वाचताना सारे येते आहे असे वाटते आणि ऐन परीक्षेत आठवत नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणून वही मिटून लिहावे, आणि काय निसटले ते नंतर पडताळावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. या सरावात प्रत्येक वेळी पूर्ण उत्तर लिहावे, की आराखडा पुरेसा आहे?

तिसरे उत्तर देणारा
बहुतेक प्रश्नांना आराखडा पुरतो: एक विधान, चार मुद्दे आणि प्रत्येकापुढे एक पुरावा, तेही पाच मिनिटांत. मात्र आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून, हाताने, पूर्ण लिहावे, म्हणजे ३२ मिनिटांत आपली किती पाने होतात ते कळेल आणि आराखड्यात किती मुद्दे घ्यावेत, हेही त्यावरूनच ठरवता येईल.