मी जिवंत राहिले हे वाचकाला ठाऊक आहे, मग ताण आणायचा कुठून?

पायवाट
एका ट्रेकमध्ये घळीत पडले, घोटा मोडला. सोबतचे पुढे निघून गेले होते. शोधपथक येईपर्यंत तिथेच अडकून होते. ते सगळं आता लिहायला घेतलंय, पण कागदावर उतरलं की सपाट वाटतं. पुस्तक हातात घेणाऱ्याला मी जिवंत आहे हे कळणारच, मग त्याने पानं उलटायची कशाला? हा तुकडा बघा:

'भीतीने अंगाला कापरं भरलं. काळ जणू गोठला होता. खरी परीक्षा पुढेच आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. अखेर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मदत आली, पण त्याआधीची ती रात्र मी जन्मात विसरणार नाही. पाणी संपत आलं होतं.'

सगळं वर्तमानकाळात करू का?

लालशाई
काळ बदलून फारसं काही हाती लागणार नाही. बरीच वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासतोय, हा उपाय दर तिसरा लेखक करून बघतो.

तुमच्या तुकड्यात दोघी बोलताहेत. एक घळीत पडलेली, दुसरी घरी टेबलाशी बसलेली. 'तेव्हा मला ठाऊक नव्हतं' हे टेबलाशी बसलेलीचं वाक्य, 'अखेर मदत आली' हेही तिचंच. तुम्ही वाचलात हे कळल्याने काही बिघडत नाही. कधी आणि कशा सुटलात हे तिने आधीच फोडलं, तिथे बिघडलं.

गिर्यारोहक जो सिम्पसनचं 'टचिंग द व्हॉइड' (१९८८) या दृष्टीने वाचा. १९८५ साली पेरूमधल्या सिउला ग्रान्दे शिखरावरून उतरताना त्याचा पाय मोडला. त्याचा जोडीदार सायमन येट्स त्याला दोराने खाली सोडत होता. सिम्पसन कड्याखाली अधांतरी लटकला आणि शेवटी येट्सने दोर कापला. लेखक सिम्पसनच, म्हणजे तो वाचला हे मुखपृष्ठावरच छापलेलं. पण मध्ये मध्ये येट्सच्या बाजूने सांगितलेले भाग येतात. येट्सच्या लेखी सिम्पसन मेलेला आहे. तळावर पोचून तो त्याचे कपडेसुद्धा जाळतो, आणि इकडे सिम्पसन सरपटत त्याच तळाकडे येतोय. वाचकाला दोन्हीकडचं दिसतं, त्या दोघांना दिसत नाही. 'वाचेल का' हा प्रश्न केव्हाच मागे पडतो आणि 'येट्स तळावरून निघून जायच्या आत पोचेल का' हा उरतो. सरपटताना तो घड्याळ लावून चालतो, समोरच्या अमुक खडकापर्यंत २० मिनिटांत पोचायचं. वाचकही तेवढ्याच अंतराचा विचार करतो.

आता भाषा. कापरं, गोठलेला काळ, परीक्षा हे सगळं काढा. भीती वाटली असं सांगितलं की वाचकाला स्वतः घाबरायचं कारण उरत नाही. आणि पाणी 'संपत आलं' म्हणजे किती? बाटलीत कुठवर होतं? तुमच्या तुकड्यातलं सगळ्यात जिवंत वाक्य तेच आहे आणि तुम्ही त्याला शेवटी ढकललंय. (तुटक वाक्यांचा मारा करू नका, तोही आता साचा झालाय.)

अर्धविराम
लालशाई, पुढचं आधी सांगूच नये हे मला पटत नाही. जॉन क्राकाउरचं 'इन्टू थिन एअर' १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावरच सुरू होतं. माणसं मरणार हेही तो लपवत नाही. मग मागे जातो. प्रकरणांच्या डोक्यावर ठिकाण, तारीख आणि फुटांत उंची. तारीख पुढे सरकते, आकडा वाढतो आणि वाचक मनातल्या मनात उरलेले दिवस मोजायला लागतो. ठोस घटना आधी सांगितली तर चालते. 'परीक्षा पुढेच आहे' यात घटनाच नाही, नुसता ढोल आहे.

लालशाई
हे मान्य. 'फोडलं' हा शब्द मी सरसकट वापरला.

उंबरठा
थांबण्याचं काय? अडकलेला माणूस बहुतेक वेळ काहीच करत नसतो. स्टीव्हन कॅलहॅन १९८२ मध्ये अटलांटिकमध्ये ७६ दिवस तराफ्यावर होता. त्याच्या 'अड्रिफ्ट'मध्ये उन्हावर गोडं पाणी करणाऱ्या यंत्रांची डागडुजी, मासेमारी, तराफ्याचं भोक बुजवणं पुन्हा पुन्हा येतं. कंटाळा येईल असं वाटतं, पण एकदा ते काम तुम्हालाही माहीत झालं की त्यातली छोटीशी गडबडही पोटात गोळा आणते. तुमचं रोजचं काम कोणतं होतं घळीत?

पायवाट
हाका मारणं आणि बाटली बघणं. परत लिहिलं:

'बाटली उजेडाकडे धरली. पाणी खालच्या कंगोऱ्यापर्यंत. नखाने प्लॅस्टिकवर ओरखडा काढला आणि ठरवलं, अंधार पडेपर्यंत या रेषेखाली जायचं नाही. हाक मारली. थांबले. पुन्हा मारली, या वेळी नाव घेऊन. उत्तर येतंय का ऐकत असतानाच लक्षात आलं की झाकण माझ्या हातात आहे आणि ते कधी उघडलं ते आठवत नाही.'

लालशाई
शेवटच्या वाक्याला हात लावू नका. पण हाक कुणाच्या नावाने मारलीत? तिथे नाव हवं, बदललेलं चालेल. आणि पुढे गेलेल्यांना तुम्ही मागे नाही हे कधी कळलं, ते काय करत होते तेव्हा? ते तुमच्याकडे असेल तर येट्सच्या भागांसारखं काही उभं करता येईल.

पायवाट
माहीत नाही. जिच्या नावाने हाक मारली, तिच्याशी त्यानंतर धड बोलणंच झालेलं नाही. या आठवड्यात फोन करते. ती बोलायला तयार झाली तर तिचा भाग तिच्याच शब्दांत ठेवू की मी लिहू?

अर्धविराम
आधी रेकॉर्ड करून घ्या, तिला विचारून. कुणी लिहायचं ते ऐकल्यावर ठरवा.