जिन्यातला भुसा आणि जादूच्या कांड्या

शुभांगीताई बी-२०३: सर्वांना नमस्कार. कोणाचं नाव घेत नाही, पण आमच्या जिन्यात कालपासून लाकडाच्या ढलप्या पडल्यात. सासूबाई घसरता घसरता वाचल्या. संध्याकाळी मुलं पायरीवर बसून कटरने काठ्या तासत होती. कटर!!

गौरी बी-३०२: ताई, नाव घ्या की. तिसऱ्या मजल्यावर मुलं आमचीच आहेत. गणपतीतल्या बालनाट्यासाठी जादूच्या कांड्या करतायत, खाली पडलेल्या फांद्यांच्या. मोबाईल बघत बसली तरी ग्रुपवर येतं, हाताने काही केलं तरी येतं.

शुभांगीताई बी-२०३: मुलांना मी काहीही बोलले नाही. भुसा कोण झाडणार एवढंच विचारतेय.

काका सी-१०१: फांद्या पडलेल्या की पाडलेल्या? मागच्या वर्षी गुलमोहर कोणाच्या सांगण्यावरून छाटला हे सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी: काका, तो विषय सर्वसाधारण सभेत झालाय. परवानगीचं पत्र ऑफिसात आहे.

काका सी-१०१: पत्राची तारीख छाटणीनंतरची आहे. १९७५ चा वृक्ष कायदा वाचा. फांद्या छाटायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते.

सेक्रेटरी: 🙏

मोहितचे बाबा डी-१०४: ऑनलाइन दीडशेत मिळते की कांडी. लाईटपण लागते तिला.

गौरी बी-३०२: मिळते. तुम्ही घ्या.

मोहितचे बाबा डी-१०४: कांडी फिरवून मेंटेनन्सची थकबाकी वसूल होत असेल तर सोसायटीनेच एक घ्यावी 😄

सेक्रेटरी: घेऊ. पहिली तुमच्या दारावर फिरवू.

*हा मेसेज डिलीट केला गेला आहे*

माई ए-००२: शुभ सकाळ 🌹 आज प्रदोष

नाना बी-४०१: काल थोडा वेळ मी मुलांजवळ बसलो होतो. कटर काढून घेतलाय. त्याचं पातं पातळ, गाठीत अडकलं की तुटून उडतं. लहान, जाड पात्याचा चाकू हवा आणि त्याला धार हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, मग ती सटकते. बसूनच तासायचं, पातं नेहमी अंगापासून लांब जाणारं, काठी धरलेल्या हाताच्या पुढे. मांडीवर काठी ठेवून अजिबात नाही. धरणाऱ्या हातात जाड मोजा.

गौरी बी-३०२: नाना, शेवग्याची घेतली होती, ती अर्ध्यातच मोडली. पोरगं रडलं.

नाना बी-४०१: शेवगा मऊ, त्यात दम नाही. गुलमोहरही ठिसूळ. पेरूची बघा. आम्ही बेचकी पेरूचीच करायचो, चिवट असतो. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब, गाठी कमी. दाबून बघायची, भुसभुशीत लागली किंवा बारीक भोकांतून पीठ गळत असलं तर ती किड्यांची, आपली नाही. साल काढली की मुठीची बाजू तशीच जाड ठेवायची आणि टोकाकडे थोडं थोडं निमुळतं करत जायचं. जाडीकडून बारकीकडे. उलटं केलं की लाकूड उकलतं. पहिल्यांदा नक्षीच्या नादी लागू नका, मुठीजवळ दोन खाचा पुरे.

शुभांगीताई बी-२०३: माहिती छान. जिना कोण झाडणार?

अनघा डी-४०२: आमच्या ओवीला कंपाउंडला मस्त सरळ काठी मिळालीय! लांब पानं, पिवळी फुलं. साल एकदम सहज निघतेय, फक्त पांढरा चीक येतो.

नाना बी-४०१: अनघा, थांबवा तिला. पिवळी कण्हेर आहे ती. चीक, साल, पानं, बी, सगळं विषारी, हृदयावर परिणाम होतो. हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू देऊ नका. तोंडात काही गेलं असलं तर थेट डॉक्टर. काठी कचऱ्यात टाका, जाळू नका. गुलाबी-पांढऱ्या कण्हेरीचंही तेच.

अनघा डी-४०२: अरे देवा. धुतले. तोंडात नाही घातलं म्हणते. हे कुंपणाला लावलं कोणी??

सेक्रेटरी: बिल्डरच्या वेळचं आहे. गुरं-बकऱ्या खात नाहीत म्हणून लावतात.

काका सी-१०१: हे मात्र सर्वसाधारण सभेत आलं नव्हतं.

गौरी बी-३०२: नाना, पेरूची मिळाली, पण ओली आहे.

नाना बी-४०१: ओली तासायला सोपी, पण भराभर वाळली की टोकांना तडे जातात. थोडी जाड ठेवून तासा, टोकांना फेव्हिकॉल लावा, सावलीत ठेवा. गणपतीपर्यंत वेळ आहे. वाळल्यावर पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. शेवटी जवसाचं तेल. खोबरेल नको, ते सुकत नाही. आणि तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवायचं.

शुभांगीताई बी-२०३: चाकू झाला, विष झालं, आता आग. आमच्या सावंतवाडीला लाकडी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या करतात. पण चितारआळीत. जिन्यात नाही.

नाना बी-४०१: ताई, ती पांगाऱ्याची. हलकं, मऊ लाकूड. तुमच्याकडून कधी एखादा तुकडा आला तर मुलांना सोन्याहून पिवळं.

शुभांगीताई बी-२०३: भावाला विचारते. पण भुसा

गौरी बी-३०२: झाडला ताई. आत्ताच. फोटो टाकू?

शुभांगीताई बी-२०३: गरज नाही. धन्यवाद.

सेक्रेटरी: असं करू. काम फक्त पार्किंगमध्ये, सतरंजी टाकून, रविवारी ५ ते ६, नाना असतील तेव्हाच. प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस. झाडावरची फांदी तोडायची नाही, पडलेलीच घ्यायची आणि नानांना दाखवूनच. कण्हेरीचा विषय कमिटीत घेतो.

काका सी-१०१: इतिवृत्तात नोंद व्हावी.

मोहितचे बाबा डी-१०४: मोहितलापण यायचंय. चाकू मिळेल का तिथे?

नाना बी-४०१: माझ्याकडे दोनच आहेत. मुलांनी आळीपाळीने घ्यायचे. पॉलिश पेपर तुम्ही आणा.

माई ए-००२: रविवारी ५ ला टँकर येणार आहे ना? पार्किंग रिकामं लागेल.

सेक्रेटरी: हो. मग ६ ते ७.