मदत हवी आहे: आईला हलवणार आहेत ती खोली नीट निर्जंतुक झालीय का, कसं कळेल?

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. उद्या-परवा आयसीयूतून खोलीत हलवतील. तिथल्या आधीच्या पेशंटला ॲसिनेटोबॅक्टरचा संसर्ग होता, तोही बहुतेक औषधांना दाद न देणारा. अधिकृतपणे कोणी सांगितलं नाही, वॉर्डातल्या कुजबुजीतून कानावर आलं. सिस्टर म्हणतात, "खोली पूर्ण धुऊन घेतलीय, काळजी करू नका."

वाचायला गेले आणि काळजी दुप्पट झाली. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत तग धरतो म्हणे. कार्बापेनेम या जालीम अँटिबायोटिक गटाला न जुमानणारा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या यादीत सर्वांत गंभीर गटात होता, २०२४ च्या यादीतही तिथेच आहे.

खोली बघून आले. फरशी चकचकीत. पण कॉटच्या कठड्यावर जुन्या चिकटपट्टीचा काळपट गोंद तसाच, बेलच्या बटणाच्या खाचेत मळ. मावशींनी माझ्यासमोर टेबल औषधाने पुसलं आणि लगेच दुसऱ्या फडक्याने कोरडं केलं.

खोली बदलून मागणं आततायीपणा होईल का? वाद नकोय, आई त्यांच्याच हातात आहे. घरून जंतुनाशक वाइप्स नेऊन सगळं पुसू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
संसर्ग नियंत्रणाचं काम केलंय, म्हणून लिहिते. फरशीवरून काही ठरवू नका. जंतू हातांवाटे फिरतात, म्हणून बघायचं ते कठडा, बेल, सलाइनचा स्टँड, पंपाची बटणं, नळ, दाराची मूठ. तुम्ही बरोबर तेच बघितलंत.

जंतुनाशक ठरावीक वेळ ओलं राहावं लागतं. एक मिनिट की दहा, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. लगेच कोरडं पुसलं की औषध फुकट. गोंद आणि मळ आधी साबणाने काढायला हवा, नाहीतर क्लोरीनचा जोर त्या मळावरच संपतो.

आधीच्या पेशंटमुळे पुढच्याचा धोका वाढतो हे खरं, पण लागण होतेच असं नाही. खोली बदलण्याआधी संसर्ग नियंत्रण सिस्टरना भेटा, बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत असतात. टर्मिनल क्लीनिंग (पेशंट गेल्यावर होणारी खोलीची संपूर्ण सफाई) कधी झालं, पडदे बदलले का, सफाईची तपासणी कशी करतात, एवढं विचारा. काही ठिकाणी न दिसणाऱ्या चमकत्या जेलचे ठिपके आधी लावून ठेवतात. नंतर अतिनील दिव्याखाली ठिपका दिसला, तर तिथे फडकं फिरलेलंच नाही.

वाइप्सने पंप-मॉनिटर पुसू नका. आणि क्लोरीनवर ॲसिडवालं काही नकोच, विषारी वायू सुटतो.

प्रतिसाद २
भिंतीपेक्षा हात महत्त्वाचे. आईला हात लावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने सॅनिटायझर लावायचा, डॉक्टरांनीसुद्धा. सांगायला संकोच वाटतो, तरी सांगा. जुलाब होणारा पेशंट असेल तर क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसाइल या जुलाब करणाऱ्या जंतूचे बीजाणू (त्याचं चिवट, कवचबंद रूप) अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच. बेसिनच्या ड्रेनमध्येही जंतू घर करून असतात, आईचा ब्रश-पेला बेसिनच्या कडेला ठेवू नका. आणि लघवीची नळी अजून गरजेची आहे का, हे रोज विचारा. ॲसिनेटोबॅक्टरला शरीरात शिरायला अशाच वाटा लागतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. सिस्टर भेटल्या, चिडल्या नाहीत. कठडा समोर घासून घेतला, औषध लावून तसंच वाळू दिलं. पडदे आज बदलणार आहेत. त्यामुळे खोली बदलायचा आग्रह सोडलाय. एकच राहिलं: गादीच्या रेक्झिनला पायथ्याशी बोटभर चीर आहे. वर चादर असतेच, मग चालेल का?

प्रतिसाद १
नाही चालणार. चिरेतून ओल आत फोमपर्यंत जाते, तिथे पुसणं पोचत नाही. आईला आणण्याआधी गादी बदलून मागा.