मदत हवी आहे: मालवणात बुडालेलं जहाज पाहायचंय, सोबत पाण्याला भिणारी मंडळीही आहेत

नमस्कार मंडळी,

जानेवारीत पुण्याहून गाडीने मालवणला येतोय. सोबत आई, मावशी आणि अकरावीतला भाचा. माझ्याकडे स्कूबा डायव्हिंगचं ओपन वॉटरचं कार्ड आहे, म्हणजे 18 मीटर खोलीपर्यंत. भाचा पाण्यात पहिल्यांदाच उतरणार, त्याच्यासाठी किल्ल्याजवळचा हौशी स्कूबा ठीक आहे. (मासे गोळा करायला पाण्यात पाव टाकतात, ते टाकू नका असं आधी सांगितलं तर ऐकतात का हो?)

मला मात्र जहाज पाहायचंय. नौदलाचं आयएनएस गुलदार जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालं आणि निवतीच्या खडकांजवळ तळाशी बसवायचं ठरलं, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं, पोलंडमध्ये बांधलेलं, 80 मीटरहून लांब जहाज! पर्यटकांना त्यावर डाइव्ह मिळू लागली आहे का? डेक माझ्या 18 मीटरांत येतो का? आत शिरायचा विचार नाही, बाहेरून फिरलं तरी पुरे.

ते जमणार नसेल तर विजयदुर्ग? 1756 च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. त्यातलं पाण्याखाली काही दिसतं का, की उगाच माझी स्वप्नं?

आई-मावशींना सिंधुदुर्ग किल्ला आणि देवबागचा संगम दाखवायचा आहे. आईचे गुडघे दुखतात. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह करून दुपारी आंबोलीमार्गे परत निघायचा बेत आहे.

प्रतिसाद १

आधी शेवटचं वाक्य खोडा. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, घाट मात्र कोणी धरत नाही. आंबोली जवळजवळ 700 मीटरवर आहे. डाइव्हनंतरच्या विमानप्रवासाचे नियम साधारण 600 मीटरच्या वर गेलात की लागू होतात, मग तुम्ही विमानात असा नाहीतर गाडीत. खाली दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा. एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, दिवसात दोन किंवा लागोपाठ काही दिवस केल्या असतील तर 18. फोंड्यावरून किंवा गगनबावड्यावरून गेलात तरी घाट चढायचाच आहे. त्यामुळे डाइव्ह आधीच्या दिवसांत उरका आणि शेवटचा दिवस किल्ल्याला द्या. शिवराजेश्वराचं देऊळ, महाराजांच्या हातापायांचे ठसे, तासाभरात आईंचं निवांत होतं.

विजयदुर्गाचं म्हणाल तर आशा ठेवू नका. आपल्या उबदार पाण्यात उघडं पडलेलं लाकूड पोखरकिडे काही वर्षांत फस्त करतात. टिकतं ते गाळात गाडलेलं, आणि ते शोधणं पुरातत्त्ववाल्यांचं काम. किल्ला वरूनच बघा, वाघोटन खाडीतली आंग्र्यांची जुनी गोदी तर नक्कीच.

निवतीला गेलात तर जहाजाइतकीच आजूबाजूच्या खडकांची मजा आहे. वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह, गुहांमधल्या पाकोळ्या. पण ती खुल्या समुद्रातली बोट आहे, आईंना नेऊ नका. गुलदारची सद्यस्थिती तारकर्लीच्या एमटीडीसी स्कूबा केंद्रात विचारा, निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा. आणि जहाज कुठलंही असो, सोबत छोटी सुरी ठेवा. लोखंडात तुटकी जाळी अडकलेली असतात, ती मला शार्कपेक्षा जास्त भीतीदायक वाटतात.

जहाज पाहायचंच असेल आणि इथलं जमलं नाही, तर गोव्यात वास्कोच्या बाजूला ग्रँड आयलंडला सुझीज रेक आहे. सांगाडा मोडकळलेला आहे, पण उथळ पाण्यात असल्याने तुमच्या कार्डावर चालतं.

प्रतिसाद २

जानेवारीत पाणी बरा असता. पण अमावास्या-पुनवेच्या उधाणाक येव नका, सगळा गढूळ होता. अष्टमीच्या आसपास भांग असता, म्हणजे भरती-ओहोटी कमी, तेवा येवा. आणि बोट सकाळीच सोडूची, मतलई, म्हणजे जमिनीवरसून येणारो वारो, असता तेवा. दुपारी वारो फिरलो की लाटो मारतत, म्हाताऱ्या माणसांका त्रास होतलो.

मूळ प्रश्नकर्ती

घाटाचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, आभारी आहे. शेवटचा दिवस किल्ल्याला. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, मग पहिल्याच दिवशी पाण्यात उतरू. तारखा अजून हलवता येतील, कॅलेंडर काढून अष्टमी शोधतेय. आता एकच राहिलं: देवबागच्या संगमाकडे जायला आईला गुडघा न वाकवता चढता येईल अशी शिडीची बोट तिथेच खाडीच्या बाजूला मिळते, की तारकर्लीहून ठरवून न्यावी लागते?