एंटँगलमेंट : गुंता, गुंतागुंत की गुंतलेपण?

पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात क्वांटम भौतिकीवर तासभर बोलायचं आहे, पूर्ण मराठीत. समोर दहावी-बारावीची मुलं असतील आणि बरेचसे निवृत्त लोक. इंटरफिअरन्सला व्यतिकरण आणि डिफ्रॅक्शनला विवर्तन हे शब्द तयार आहेत. क्वांटमला विश्वकोशाने पुंज म्हटलंय, तेही चालून जातं. गाडी अडली आहे ती एंटँगलमेंटपाशी : दोन कण, उदाहरणार्थ प्रकाशाचे कण म्हणजे फोटॉन, असे जोडलेले असतात की एकेकट्याचं वेगळं वर्णन पुरं होत नाही, ती अवस्था.

पहिल्या खर्ड्यात मी ‘गुंतागुंत’ लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं : ‘या दोन फोटॉनांमध्ये गुंतागुंत असते.’ तिने काळजीने विचारलं, ‘मग? पुढे काय झालं त्यांचं?’

तिचं बरोबरच आहे. आपल्याकडे गुंतागुंत बाळंतपणात होते, ऑपरेशनमध्ये होते, जमिनीच्या खटल्यात होते. हा शब्द ऐकला की काहीतरी बिघडलंय असंच मनात येतं. दोन फोटॉनांची ही अवस्था तर कागदावर एका ओळीत मावते. तिच्यात बिघाड नाही आणि क्लिष्टताही नाही. ‘गुंता’ म्हणावं तर तो केसांचा आणि दोऱ्याचा, म्हणजे सोडवायचाच. ‘गुंतवणूक’ बँकेने नेली. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद

सरळ ‘जुळे फोटॉन’ म्हणा. एकाच वेळी जन्मलेले, एकाचं पाहिलं की दुसऱ्याचं कळतं. मुलांना लगेच समजेल.

प्रतिसाद

जुळे नको, अगदी कळकळीने सांगतो. मी प्रकाशिकीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि हा प्रयोग रोज हाताखालून जातो. ‘जुळे’ म्हटलं की ऐकणारा धरून चालतो की दोघांचे गुण जन्मतःच ठरले आहेत, आपण फक्त नंतर बघतो. कोल्हापुरी चपलांच्या जोडातली एक पुण्याला पाठवली आणि एक नागपूरला. पुण्यात खोकं उघडलं, डावी निघाली, म्हणजे नागपुरात उजवी. यात नवल काहीच नाही, कारण डावी ही निघाल्यापासून डावीच होती.

फोटॉनांचं असं नाही, आणि ते मोजून दाखवता येतं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ साली ती वाट दाखवली. त्यातून पुढे आलेल्या चाचणीत दोन्हीकडचे ध्रुवक (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच पार जाऊ देणाऱ्या चकत्या) वेगवेगळ्या कोनांत ठेवून जुळणीचा एक आकडा काढतात. चपलांसारखं सगळं आधीच ठरलेलं असेल आणि एकीकडच्या मापनाचा दुसरीकडे परिणाम होत नसेल, तर तो आकडा २ च्या वर जाऊच शकत नाही. पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, त्याला २.८३ पर्यंत जाऊ देते. १९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनांवर अशी पहिली कसोटी घेतली. १९८२ मध्ये पॅरिसजवळ ओर्से इथे अ‍ॅस्पे यांच्या गटाने फोटॉन वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलून पाहिली. २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रॉनांवर, उरलेल्या मुख्य पळवाटा (निकालाचा दुसरा अर्थ लावायला वाव देणाऱ्या प्रयोगातल्या फटी) एकाच वेळी बंद करून, ही कसोटी झाली. दर वेळी निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला. २०२२ चं नोबेल क्लाउझर, अ‍ॅस्पे आणि त्सायलिंगर यांना या कामासाठी मिळालं. इतकं सगळं झाल्यावर ‘जुळे’ म्हणणं म्हणजे जे खोटं ठरलं तेच नाव देणं.

आमच्या टेबलावर काय दिसतं तेही सांगतो, त्यावरून शब्द सुचेल कदाचित. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर एकमेकांवर आडवे-उभे ठेवलेल्या दोन पातळ स्फटिकांत सोडतो. क्वचित एखाद्या जांभळ्या फोटॉनाचे दोन होतात, प्रत्येकी ८१० नॅनोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. जोडी पहिल्या स्फटिकातून आली की दुसऱ्यातून, याची खूण कुठेच राहत नाही. आता डावीकडच्या वाटेवरचा ध्रुवक हळूहळू फिरवा आणि फक्त डावीकडचे फोटॉन मोजा. आकडा हलत नाही. कुठलाही कोन घ्या, निम्मे पार होतात, निम्मे अडतात. उजवीकडेही तेच. एकेकट्याला विचारलं तर त्याच्यापाशी सांगण्यासारखं काहीच नाही. मग दोन्हीकडे काही नॅनोसेकंदांच्या आत एकदम पोचलेल्या फोटॉनांच्या जोड्यांची मोजणी लावा. ध्रुवक फिरवला की हा आकडा भरतीसारखा चढतो आणि जवळजवळ शून्यापर्यंत ओसरतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसता ध्रुवक मागे-पुढे करत बसलो होतो.

जी काही माहिती आहे ती जोडीची आहे. शब्दात हे यायला हवं.

प्रतिसाद

माझा मुलगा जर्मनीत बालवाडीत जातो. तिथल्या बाई मुलांना हाताची घडी घालायला सांगतात तेव्हा जे क्रियापद वापरतात, त्याच्यावरून झालेलं नाम म्हणजे एंटँगलमेंटसाठी भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांचा मूळ शब्द : फेरश्रेंकुंग. १९३५ मध्ये, आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या निबंधानंतर, त्यांनी तो जर्मनमध्ये वापरला. त्याच वर्षी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात स्वतः इंग्रजीत लिहिताना त्यांनी एंटँगलमेंट पत्करला. म्हणजे ही गुंत्याची छटा इंग्रजीने आणली. जर्मन शब्दात पसारा नाही. एक हात दुसऱ्यात अडकवलेला, नीट, मुद्दाम.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकत आपण सगळेच वाढलो, पण ‘फोटॉनांची घडी’ म्हटलं तर कपाटातले कपडे आठवतील. ‘अढी’ सुचला होता, पायाची अढी घालून बसतात ती. पण मनातली अढी त्याच्या आधी हजर होते आणि आंब्यांची अढीही आहेच. तो शब्द आता मोकळा नाही.

प्रतिसाद

‘गुंफण’ कसा वाटतो? विशेषण ‘गुंफलेले’, क्रियापद ‘गुंफणे’, सगळं तयार मिळतं. कानालाही गोड आहे.

प्रतिसाद

गोड आहे, पण गजऱ्यात मोगरा मोगरा राहतो आणि अबोली अबोली. प्रत्येक फुलाला आपापला रंग असतो आणि मधून दोरा जातो. इथे एकेकट्या फोटॉनाला रंगच नाही असं वर टेबलावरून सांगितलंय, आणि दोराही नाही. दोरा आहे असं वाटलं की लोक त्यावरून निरोप पाठवायला निघतील. ‘एकाला हलवलं की दुसऱ्याला क्षणात कळतं’ असं मी किती ठिकाणी वाचलं! कळत काहीच नाही. उजवीकडच्या माणसाला त्याचे आकडे नेहमीसारखेच निम्मे-निम्मे दिसतात. डावीकडचे आकडे फोनवरून किंवा पत्राने आले, शेजारी ठेवले, की मगच मेळ दिसतो. ‘कळतं’ हे क्रियापद या विषयात जपून वापरायला हवं.

धागा सुरू करणाऱ्याकडून

दोन दिवस हे सगळं डोक्यात घोळत होतं. मला वाटतं, माझी चूक नाम आधी शोधण्यात होती. मराठीत ‘गुंतणे’ हे क्रियापद निर्मळ आहे. त्यापासून झालेल्या नामांनी ते बदनाम केलं. ‘कामात गुंतलोय’ यात तक्रार नाही. ‘शब्दात गुंतलो’ म्हणजे वचनाने बांधला गेलो. आणि ‘नातवंडांत जीव गुंतलाय’ म्हणणारी आजी काही सोडवून मागत नसते. गुंतलेला माणूस एकटा घेतला तर पुरता हाती लागत नाही, हाही अर्थ त्यात आहेच.

श्रोडिंगर यांच्या त्या इंग्रजी निबंधाच्या पहिल्याच पानावरही शब्द क्रियापदाच्या रूपात येतो : दोन वस्तूंचा परस्परांशी संबंध आला, त्यामुळे त्यांची वर्णनं एकमेकांत गुंतली. म्हणून मी ‘गुंतलेले फोटॉन’, ‘गुंतलेली अवस्था’ असं म्हणणार आहे आणि नाम लागेल तिथे ‘गुंतलेपण’. जरा लांब आहे, मान्य. पण ‘म्हातारपण’, ‘शहाणपण’ आपण बोलतोच की.

प्रतिसाद

प्रयोगशाळेतून पुन्हा. ‘गुंतलेपण’ आमच्या रोजच्या कामाला लावून पाहिलं. मॅक्झिमली एंटँगल्डला ‘पुरते गुंतलेले’, चटकन बसलं. डीकोहेरन्स, म्हणजे भोवतालामुळे हे पुंजगुण हरवणं, समजावताना तर फारच सोपं जातं : फोटॉन भोवतालाशी गुंतत गेले, म्हणून त्यांचं आपसातलं गुंतलेपण विरलं. दोन्हीकडे तेच क्रियापद, आणि भौतिकीही नेमकी तीच. ‘गुंतागुंत’ वापरून हे वाक्य करून बघा, होत नाही. शिवाय गुंता सुटला की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. आमच्याकडे गुंतलेपण सुटलं की अख्ख्या रात्रीची मोजणी वाया जाते.

आणखी एक. एक कण दुसऱ्याशी पुरता गुंतला असेल तर तिसऱ्याशी तो मुळीच गुंतू शकत नाही. गुंतलेपणाच्या या वाटणीचा काटेकोर हिशेब कॉफमन, कुंडू आणि वूटर्स यांनी २००० साली मांडला. इंग्रजीत याला एकपत्नीत्वाच्या अर्थाचा शब्द वापरतात. तुमच्या ‘जीव गुंतणे’मध्ये तो अर्थ आधीपासूनच बसलेला आहे.

प्रतिसाद

शब्द पटला. फक्त विभक्तीकडे लक्ष द्या. ‘जीव त्याच्यात गुंतला’ हे एकतर्फीही असू शकतं, समोरच्याला पत्ताही नसतो. ‘पहिला फोटॉन दुसऱ्यात गुंतला’ म्हणालात तर एक गुंतणारा आणि एक गुंतवणारा होईल, आणि इथे तसा भेद नाही. दोघांना एकच कर्तेपण द्या. ‘हे दोन फोटॉन एकमेकांत गुंतलेले आहेत.’ भोवतालासाठी ‘शी’ ठीक आहे.

धागा सुरू करणाऱ्याकडून

‘एकमेकांत’ पक्कं केलं. खर्ड्यातली सगळी वाक्यं काल रात्री तपासली, चार ठिकाणी ‘दुसऱ्यात’ सापडलं आणि एका ठिकाणी ‘कळतं’. सगळी बदलली. आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी तिने विचारलं, ‘म्हणजे मोजायच्या आधी एकट्याचं काहीच ठरलेलं नसतं?’ चपलांचं उदाहरण आणि २ चा आकडा आता त्या प्रश्नानंतर लगेच घेणार आहे.