न्यूयॉर्कच्या लिटररी एजंटचा मेल आलाय, पैसे भरू का?

सांजवेळ
मंडळी, सल्ला हवाय. चार वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून माझी कादंबरी काढली. ५०० प्रती छापल्या, त्यातल्या तीनशेच्या वर अजून पलंगाखाली आहेत. मागच्या वर्षी भाचीने हौसेने इंग्रजी भाषांतर केलं, ते ई-बुक म्हणून टाकलं.

गेल्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या एका लिटररी एजंटचा, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या मध्यस्थाचा, मेल आला. माझ्या लिखाणावर एवढं लांबलचक पत्र आजवर कुणी लिहिलं नव्हतं. आटलेल्या विहिरीत उतरणारी म्हातारी काय, तिचा मुका मुलगा काय, सगळ्याबद्दल भरभरून. मोठ्या प्रकाशनाकडे नेतो म्हणतोय, फक्त आधी 'एडिटोरियल असेसमेंट'चे, म्हणजे हस्तलिखित तपासायचे, ८५० डॉलर भरायचे. म्हणजे सत्तर हजारांच्या वर. ह्यांना विचारलं तर म्हणाले, एफडी मोडायची तर मोड, पण आधी चार जाणत्यांना विचार. दुसरा कुणी खात्रीचा एजंट ठाऊक असेल तर तोही सुचवा.

साभार_परत
ताई, एक छदामही देऊ नका. खरा एजंट लेखकाकडून आधी काही घेत नाही. पुस्तक विकलं गेलं की लेखकाला जे मिळतं त्यातून साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के, एवढीच त्याची कमाई. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत हस्तलिखित वाचायचे पैसे घ्यायला मनाई आहे.

आणि मेलवरच्या नावावर जाऊ नका, पत्ता अक्षर-अक्षर वाचा. फिलिप्पो बर्नार्डिनी नावाच्या माणसाने १६० च्या वर बनावट डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारी नावं, घेतली होती. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी ठेवायचा. मी मोबाइलवर टाइप करून बघितलं, चष्मा लावूनही फरक कळेना. एजंट नाहीतर संपादक बनून त्याने हजाराहून जास्त अप्रकाशित बाडं लंपास केली. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला, पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला. स्वतः प्रकाशन व्यवसायातच नोकरीला होता आणि मुरलेली माणसंही फसली, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

डीटीपीवाला
न्यूयॉर्कपर्यंत कशाला जाता! माझ्याकडे एक कवी बिल घेऊन आले होते, त्यात 'आयएसबीएन चार्जेस ६,०००'. अहो, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात तो फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते, लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी पुस्तकाला ५०० रुपये, आणि ती नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं की हक्क तुमचाच. स्वखर्चाने पुस्तक काढणं यात लाज नाही, फसवणूकही नाही. 'निवड झाली' म्हणून पेढे वाटायला लावायचं आणि मग बिल हातात ठेवायचं, ती लबाडी.

एजंटाचं म्हणाल तर मराठीत ही जमात जवळपास नाहीच. बाड थेट प्रकाशकाकडे द्यायचं आणि वाट बघायची. पहिलं पुस्तक असतं तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना सुचवली असती.

अर्धविराम
कौतुकाची गंमत सांगतो. अमेरिकेतलं एक प्रकाशन 'आम्ही निवडक घेतो' असं मिरवायचं. २००४ मध्ये तिकडच्या काही विज्ञानकथा लेखकांनी मिळून मुद्दाम भिकार कादंबरी लिहिली. एक प्रकरण दोनदा, एक क्रमांक गायब, एक चक्क संगणकाकडून जुळवून घेतलेलं. 'अटलांटा नाइट्स' नाव दिलं आणि पाठवली. स्वीकारली की! लेखकांनी बिंग फोडल्यावर मग नकार आला.

ताई, एक विचारू? ती विहीर आणि तो मुका मुलगा तुमच्या ई-बुकच्या वर्णनात आहेत का हो?

कुणीएक
ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. लाजेपायी आठवडा घालवू नका.

सांजवेळ
@अर्धविराम, आत्ता बघितलं. भाचीने मलपृष्ठाचाच मजकूर इंग्रजीत करून टाकला होता. तिसऱ्या ओळीत विहीर, पाचव्या ओळीत मुलगा. मेलमध्ये क्रमसुद्धा तोच. म्हातारी शेवटी कुठे जाते, त्यावर एक अक्षर नाही. मी तो मेल निदान वीस वेळा वाचला असेल.

पैशांचं जाऊ द्या, ते वाचले. पण खरं सांगते, आज जरा रितं रितं वाटतंय.

पाटीपेन्सिल
वाटणारच. मी अकरा वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवतेय. जून उजाडला की पाठवायची, गणपतीपर्यंत कळलं नाही तर समजून जायचं. सहा छापून आल्या, मानधन दोनदाच. एका वर्षी वर्ध्याहून एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. 'तुमच्या कथेतली आई तव्यावरची भाकरी बोटांनी उलटते. माझीही तशीच करायची.' बाकी कौतुक वगैरे काही नाही. ते कार्ड पिठाच्या डब्यामागे उभं करून ठेवलंय. दरवर्षी कंटाळते, मग जून येतो.

तुमची कादंबरी मिळेल का? विकतच घेईन, फुकट नको.

अर्धविराम
मलाही एक. शेवटाची उत्सुकता लावून ठेवलीत.

सांजवेळ
दोघांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पत्ते कळवा. किंमत १८० रुपये, टपालखर्च माझा. मेलला उत्तर देत नाही. ह्यांनी पलंगाखालून एक गठ्ठा ओढून धूळ झटकायला घेतलीसुद्धा. शेवट पटला नाही तरी कळवा.