मदत हवी आहे: आईला परवा अ‍ॅडमिट करायचंय, बॅगेत काय भरू?

घाईतला_गडी:
परवा सकाळी सातला आईला अ‍ॅडमिट करायचंय. बॅग अजून रिकामी. मिळालेल्या कागदावर 'आवश्यक वैयक्तिक सामान आणावे' एवढंच छापलंय. आवश्यक म्हणजे काय ते जाणकारांनी लवकर सांगा. उपदेश नको, यादी द्या.

टाचणी:
ऑपरेशन आहे की नुसत्या तपासण्या? किती रात्री? सोबत कोण राहणार? हे न सांगता यादी कशाची देणार?

जुनी_खोड:
काहीही असो, बॅगा दोन करा. छोटीत पहिल्या दिवसाचं, मोठी खोली पक्की झाल्यावर आणा. वॉर्ड, थिएटर, रिकव्हरी, मग दुसरीच खोली अशी वरात निघते आणि त्यात वस्तू हरवतात. चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र ही तीन हमखास. कवळी टिश्यूत गुंडाळून जेवणाच्या ट्रेवर ठेवली की ट्रेबरोबर कचऱ्यात गेलीच समजा. घट्ट झाकणाची डबी घ्या, डबीवर नाव लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात.

नवी_पहाट:
लंगोट अगदी छोट्या मापाचे फार घेऊ नका, बाळं पटकन वाढतात. घरी येतानाचे कपडे दोन मापांचे ठेवा.

टाचणी:
ताई, त्यांना आईला न्यायचंय. आई व्हायला कोणी निघालेलं नाही.

रात्रपाळी:
कपड्यांचं लिहिते. गळ्यातून घालायचं काही नको, सलाइन चालू असताना ते घालता येत नाही. पुढून पूर्ण उघडणारे, सैल बाह्यांचे तीन घ्या. घालताना सलाइनची पिशवी आधी बाहीतून बाहेर काढायची, मागून तोच हात, मग मोकळा हात. काढताना मोकळा हात आधी. नळी सुटी करायची नाही आणि पंप लावलेला असेल तर सिस्टरना बोलवायचं. नेलपॉलिश घरीच काढा, बोटाला लावतात त्या ऑक्सिजनच्या चिमट्याचं रीडिंग चुकू शकतं. अंगठ्याही घरीच, बोटं सुजली की निघत नाहीत.

पोटोबा:
इलेक्ट्रिक केटल, लांब वायरचा चार्जर आणि गोळ्यांची सात खणांची डबी. बाकी सगळं तिथे मिळतं.

टाचणी:
चार्जरला अनुमोदन, प्लग नेमका पलंगाच्या डोक्यामागे असतो. डबीला मात्र कडक विरोध. सुटी पांढरी गोळी कोण ओळखणार? मूळ पाकिटं न्या. पट्टी कापू नका, नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदत दुसऱ्यावर. सोबत कागद: औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कशाची अ‍ॅलर्जी. आणि आपल्याजवळची गोळी गुपचूप द्यायची नाही. वॉर्डातूनही तीच दिली तर डबल डोस होतो.

घाईतला_गडी:
उजवा गुडघा बदलायचाय. चार रात्री, सोबत मीच. गोळ्या नेहमीच्याच, बीपीची आणि ती रक्त पातळ करायची. केटल घेऊ ना मग?

रात्रपाळी:
केटल राहू द्या, बहुतेक वॉर्डांत लावूच देत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी 'नेहमीची' कशी? कोणती, शेवटची कधी घेतली, आणि भूलतज्ज्ञांना माहीत आहे का? यातल्या काही गोळ्या ऑपरेशनआधी काही दिवस थांबवतात, काही चालू ठेवतात. भूल पाठीच्या मणक्यात देणार असतील तर तिथे रक्त साकळून नसा दाबल्या जायचा धोका असतो. बंद करायची की नाही हे तुम्ही ठरवू नका. बॅग बाजूला ठेवा आणि आत्ता फोन करा.

जुनी_खोड:
आधी फोन. मग चप्पल: मागून बंद, वेल्क्रोची, न घसरणारी, पाय सुजतो म्हणून एक नंबर मोठी. गाऊन पोटरीपर्यंतच, घोटाभर असला की वॉकरमध्ये अडकतो. लांब दांड्याचं शूहॉर्न घ्या, वाकता येणार नाही. आणि पायावरचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक जखमा होतात आणि त्यातून जंतू शिरतात.

पोटोबा:
गुडघ्याखाली ठेवायला मऊ उशी न्या.

रात्रपाळी:
गुडघ्याखाली अजिबात नको! वाकलेलाच आखडतो, मग सरळ करताना रडवतो. ठेवायचीच तर टाचेखाली, तीही फिजिओथेरपिस्टला विचारून.

घाईतला_गडी:
फोन केला. पट्टीचा फोटो मागवला त्यांनी, भूलतज्ज्ञ संध्याकाळी बोलणार आहेत. आई म्हणते जुनी चप्पल पायात बसलीय, तीच घेऊ. तळवा गुळगुळीत झालाय.

टाचणी:
नवी घ्या, आणि आजच. उद्या दिवसभर घरात घालून फिरू दे, चावत असेल तर बदलता येईल.

पोटोबा:
केटल नाही तर निदान थर्मास तरी घ्या.